साक्षरतेची रेघ आणि पुस्तकांचे कपाट

१९३९ साली औंध संस्थानात मत द्यायचे तर माणसाला लिहितावाचता यावे लागे. जमीन किती, घरपट्टी किती, जात कोणती, हे कोणी विचारत नसे. अक्षर येते का, एवढेच विचारत. आज ही अट ऐकली की आपल्याला ती अन्यायाची वाटते. त्या काळी ती पुष्कळांना पुरोगामी वाटली. दोन्ही म्हणणी थोडी थोडी खरी आहेत. पण या लेखात आम्हाला तेवढ्याच वादात शिरायचे नाही. 'साक्षर' या शब्दाभोवती एकदा रेघ ओढली की पुढे काय काय होते, रेघेच्या अलीकडची माणसे पलीकडे जातात तेव्हा त्यांच्या हाती वाचायला काय असते, आणि हाच प्रश्न आज 'डिजिटल साक्षरते'च्या नावाने आपल्या शाळांपुढे पुन्हा कसा उभा आहे, ते पाहायचे आहे.

आधी औंधविषयी थोडे. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव. त्याच्या नावाचे संस्थान मात्र सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. अशी सगळी मिळून ७२ गावे, ५०१ चौरस मैलांचा मुलूख आणि १९३१ च्या शिरगणतीत पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. १९४८ साली संस्थान विलीन झाले. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल १९४९ साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. त्याच जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. बराचसा भाग दुष्काळी, उत्पन्न बेताचे. बडोदा किंवा म्हैसूरशी तुलना करावी असे इथे काहीच नव्हते.

राजा मात्र वेगळा होता. भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ ते १९४७ गादीवर होते. ते पदवीधर होते, स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार तर इतक्या हिरिरीने करत की संस्थानातल्या शाळकरी पोरांची त्यातून सुटका नव्हती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. याच सुमारास मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनियर बंगळूरची कारखान्यातली नोकरी बाजूला ठेवून औंधात आला. (पुढे याच फ्रिडमनने मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेली, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.) आटपाडीजवळ कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी 'स्वतंत्रपूर' ही वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली, तीही याच मंडळींच्या खटाटोपातून. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरून सुचला.

नोव्हेंबर १९३८ मध्ये राजाने सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा आराखडा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. रचना खालून वर जाणारी होती. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची सभा आणि तिथून संस्थानच्या विधिमंडळावर प्रतिनिधी. एरवी सरसकट प्रौढ मताधिकाराच्या बाजूने बोलणाऱ्या गांधीजींनी औंधपुरती अक्षरज्ञानाची अट मान्य केली. त्यामागचा हिशोब असा मांडता येतो: ज्याला मत हवे तो अक्षरे शिकेल आणि ज्या राज्याला मतदार हवेत ते शिकवील. म्हणजे अट प्रजेवर जितकी होती तितकीच सरकारवरही होती.

हिशोब सुंदर आहे, पण त्याचा पाया पाहा. १९३१ च्या शिरगणतीत साऱ्या देशात शंभरांत साडेनऊ माणसे साक्षर होती. पुरुषांत हा आकडा १५-१६ होता आणि स्त्रियांत तीनसुद्धा नव्हता. औंधचे चित्र याहून फार वेगळे धरले नाही, तर अक्षरांची अट म्हणजे घोषणेच्या दिवशी जवळजवळ सगळ्या बायका आणि शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या जातींतली बहुतेक माणसे रेघेच्या अलीकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे दहाच वर्षे आधी प्रौढ मताधिकाराची बाजू मांडताना नेमका हाच मुद्दा धरला होता. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे आणि ज्याला शिक्षण नाकारले त्याला पुन्हा त्याच कारणासाठी मत नाकारणे हा दुहेरी अन्याय होय. जगाचा अनुभवही त्यांच्याच बाजूने बोलतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मतदारांची 'साक्षरता परीक्षा' घेत, ती काळ्या नागरिकांना गाळण्यासाठी; १९६५ च्या मताधिकार कायद्याने तिला आळा बसला. पेरू देशात निरक्षरांना मत मिळायला १९७९ ची राज्यघटना यावी लागली, ब्राझीलमध्ये १९८५ साल उजाडावे लागले. स्वतंत्र भारताने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीतच ही रेघ पुसून टाकली आणि मतपेट्यांवर चित्रे लावली. आम्हाला विचाराल तर मताच्या बाबतीत आंबेडकरांचे म्हणणे बरोबर होते. पण औंधच्या अटीतली सरकारवर बंधन घालणारी बाजू मात्र, मताधिकारापासून वेगळी काढून, जपून ठेवण्यासारखी आहे. माणसांना एखादी गोष्ट यायला हवी असे म्हणायचे असेल, तर ती येण्याची सोय आधी दारात हवी.

आता ही रेघ नेमकी कुठे होती? शिरगणतीच्या कामात साक्षरतेची ठाम व्याख्या १९११ साली आली. ज्याला मित्राला पत्र लिहिता येते आणि आलेले उत्तर वाचता येते तो साक्षर. नुसत्या सहीवर भागत नव्हते. या व्याख्येत एक मोठी खुबी आहे. तिच्यात दुसरा माणूस आहे. लिहायचे ते कोणाला तरी आणि वाचायचे ते कोणाचे तरी. युनेस्कोने १९५८ साली सुचवलेली व्याख्या, म्हणजे रोजच्या जीवनाविषयीचे छोटे साधे विधान समजून वाचता-लिहिता येणे, त्या मानाने कोरडी. १९७८ मध्ये तीत 'कार्यात्मक' साक्षरतेची भर पडली: आपल्या समाजात वावरताना ज्या ज्या ठिकाणी लिहिणेवाचणे लागते तिथे ते करता यायला हवे. या व्याख्येने रेघ सरकती करून टाकली. समाज बदलला की रेघ पुढे जाणार. ती आज मोबाइलच्या पडद्यापर्यंत आली आहे, यात नवल नाही.

औंधात माणूस साक्षर झाला तर त्याच्या हाताशी वाचायला काय होते? एका अर्थी पुष्कळ. कुंडल रोड स्टेशनाजवळ १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी याच संस्थानात. नांगर आणि चरक बनवणाऱ्या त्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही मासिके महाराष्ट्रभर गेली. खुद्द औंधात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ १९१८ पासून होते. वेदांच्या संहिता, 'पुरुषार्थ' मासिक, घरबसल्या संस्कृत शिकवणारी पाठ्यपुस्तके हे सगळे तिथल्या छापखान्यातून निघे. आणि १९३८ साली, म्हणजे राज्यघटनेच्या घोषणेच्याच वर्षी, यमाईच्या डोंगराच्या चढणीवर श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय उभे राहिले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे दगडातले शिल्प आहे आणि हजारो ग्रंथ व पोथ्या आहेत. संग्रहालय आणि ग्रंथालय एकाच छताखाली ठेवण्याची कल्पना आम्हाला फार आवडते. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी ग्रंथ, ज्याला येत नाही त्याच्यासाठी चित्र, आणि दोघेही एकाच दारातून आत जाणार.

याच संस्थानच्या शाळांतून ग. दि. माडगूळकर शिकले, शंकरराव खरात शिकले. खरातांसाठी तर आटपाडीच्या महारवाड्यातून शाळेपर्यंतचे अंतर कोणत्याही डोंगरापेक्षा मोठे होते. पण ही झाली औंध, आटपाडी, कुंडल अशा मोठ्या गावांची कथा. मेंढरामागे फिरणाऱ्या वाडीवर काय होते? त्याचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) आहे. कादंबरीतला पोरसवदा मास्तर औंध संस्थानचाच नोकर. वाडीत तो एकटाच शिकलेला, त्यामुळे गावकरी आपली नाना कामे घेऊन त्याच्याकडे येतात. त्याच्या पुढाकाराने वाडीवर तालीम उभी राहते आणि तिच्यासाठी राजा येतो. तालमीची इमारत उभी राहिली हे छानच. पण वाडीतल्या एखाद्या पोराला अक्षरे आली तर शाळा सुटल्यावर त्याने वाचावे काय, या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते. आम्ही हा दोष मास्तरला देत नाही. त्या काळच्या बहुतेक वाड्यांचे हेच होते.

हे उत्तर शोधण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न एका दुसऱ्या मराठी राजाने केला होता. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. चार वर्षांत, १९१० साली, त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला. सक्तीने शिकलेली मुले शाळा सोडल्यावर वाचणार काय आणि काहीच वाचले नाही तर शिकलेले टिकणार कसे, हा त्यामागचा विचार. गावात वाचनालय काढायचे तर गावाने काही रक्कम जमवायची. मग तेवढीच स्थानिक मंडळाने आणि तेवढीच सरकारने द्यायची. जिथे तेही शक्य नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत. एक पेटी वाचून झाली की परत जाई आणि दुसरी येई. औंधची घटना राज्यशास्त्रात कितीही धाडसी असो, या एका बाबतीत बडोद्याचा विचार पुढचा होता, असे आम्हाला वाटते. अर्थात बडोद्याच्या तिजोरीत पैसाही होता.

औंध विलीन झाले, मताची अट इतिहासजमा झाली. पण त्याच मुलखात रेघेची गोष्ट पुन्हा एकदा घडली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन वर्षांत राज्यभर पसरली. गावातले १४ ते ५० वर्षांचे सगळे निरक्षर, शिकवायला गावचेच शिक्षक आणि शिकलेली मुले, साधारण चार महिन्यांचा वर्ग. मग परीक्षा. सारा गाव पार पडला की 'ग्रामगौरव समारंभ'. शिक्षक वाचकांपैकी काहींच्या आईवडिलांनी या वर्गांत पाटी धरली असेल. खर्च फार थोडा, उत्साह अफाट. युनेस्कोने १९७२ मध्ये मोहिमेचा गौरवही केला. पण मग एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. समारंभानंतर काही काळाने त्याच गावातली बरीच माणसे पुन्हा निरक्षर होत होती. कंदिलाखाली शिकलेली अक्षरे वापराअभावी गळून जात. मोहिमेच्या आखणीत याची जाण होती. पहिला टप्पा अक्षरांचा, दुसरा अक्षरे टिकवण्याचा, तिसरा फिरत्या ग्रंथालयांचा. मात्र समारंभ पहिल्या टप्प्याचा होत असे. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा ढोल वाजत नाही.

आता आजच्या रेघेकडे येऊ. ग्रामीण भागातल्या सहा कोटी माणसांना डिजिटल साक्षर करण्याची योजना केंद्र सरकारने २०१७ साली आखली. दर घरातून एक माणूस, वय १४ ते ६०, वीस तासांचे प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. मार्च २०२४ अखेर योजना संपली तेव्हा सहा कोटी एकोणचाळीस लाख माणसे प्रशिक्षित झाली होती. लक्ष्य ओलांडले गेले. ग्रामशिक्षण मोहिमेची हकिकत ठाऊक असलेल्या माणसाच्या मनात इथे पुढचा प्रश्न आपोआप येतो.

शाळकरी मुलांना यंत्र चालवता येते का, हा प्रश्न आता जवळजवळ सुटलेला आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. त्याच पाहणीतला दुसरा आकडा असा की पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्याहून थोडी कमीच होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बोट पडद्यावर सराईतपणे फिरते. डोळा ओळीवर अडखळतो.

बरे, ही केवळ आपली अडचण आहे असेही नाही. संगणक व माहिती साक्षरतेची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्या २०१८ च्या फेरीत बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आठवीच्या ४६ हजारांहून अधिक मुलांना संगणकावर प्रत्यक्ष कामे दिली होती: माहिती शोधा, तिची विश्वासार्हता पारखा, तिच्यावरून काही तयार करा. सर्वांत वरच्या पातळीवर पोचली ती शंभरांत दोन मुले. १८ टक्के मुले पहिल्या पायरीच्याही खाली राहिली. यंत्रांबरोबर वाढलेली पिढी यंत्राचा शहाणा वापर आपोआप शिकते, या समजुतीला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इतिहासशिक्षणावर काम करणाऱ्या सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने तर हा धक्का आणखी खोल नेला. त्यांच्या २०१९ च्या अहवालात तीन हजारांहून अधिक हायस्कूल विद्यार्थ्यांना एक धूसर चलत्‌चित्र दाखवले होते. मतपेट्यांत बनावट मते कोंबली जात आहेत असे त्यात दिसते आणि हे अमेरिकेत घडले असा दावा सोबत. निम्म्याहून अधिक मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. चित्रण रशियातले होते. शोधायला काही क्षण लागले असते, शोधावे असे वाटले नाही. त्याआधी २०१७ मध्ये या गटाने तीन प्रकारच्या माणसांना संकेतस्थळे पारखायला दिली होती: डॉक्टरेट मिळवलेले दहा इतिहासकार, वृत्तपत्रांसाठी तथ्ये तपासणारे दहा व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. इतिहासकार विद्वान खरे, पण ते समोरचे पान वरून खाली मन लावून वाचत बसले. देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावाला त्यांतले बरेच जण फसले. तथ्यतपासनिसांनी पान पुरते वाचलेच नाही. ते क्षणात बाहेर पडले, शेजारी दुसरी पाने उघडली आणि 'हे कोणी लिहिले, त्यांच्यामागे कोण आहे, इतर लोक त्यांच्याविषयी काय म्हणतात' ते पाहून मग परत आले. वाइनबर्ग याला 'आडवे वाचन' म्हणतात.

जुन्या ग्रंथपालाला हे वाचून हसू येईल. कारण ग्रंथालयात हे रोज चालते. पुस्तक हाती घेतले की लेखक कोण, प्रकाशक कोण, साल कोणते, आवृत्ती कितवी हे पाहायचे. त्याच विषयावरची शेजारची दोन पुस्तके काढायची. मग वाचायला बसायचे. अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ साली 'माहिती साक्षरता' हा शब्दप्रयोग केला तो ग्रंथालयांच्या संदर्भातच. पॉल गिल्स्टर यांनी १९९७ मध्ये 'डिजिटल साक्षरता' या नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हाही त्यांचा भर कळ दाबण्यावर नव्हता, वाचलेले पारखण्यावर होता. मधल्या काळात आपण तो शब्द घेतला आणि कळ दाबणे तेवढे त्यात ठेवले.

मग शाळेत ग्रंथालय असले की हे जमते का? इथे संशोधन काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे, कारण ग्रंथालयावर प्रेम असलेली माणसे (आम्ही धरून) इथे सोयीचे तेवढे उचलतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले की जिथे शाळेच्या ग्रंथालयात पुरेशी माणसे आणि पुस्तके असतात तिथली मुले वाचनात सरस ठरतात, आणि भोवतालची गरिबी हिशोबात धरली तरी हे नाते उरते. नंतर अनेक राज्यांत असेच अभ्यास झाले. ही सगळी नाती सहसंबंधाची आहेत. चांगले ग्रंथालय राखणारी शाळा इतर बाबतींतही चांगली असण्याचा संभव असतो, हे विसरता येत नाही.

यापुढचा अभ्यास आमच्या मते फार बोलका आहे. ऑस्ट्रेलियातल्या जोआना सिकोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ देशांतल्या प्रौढांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला की सोळाव्या वर्षी घरात पुस्तके असलेली माणसे मोठेपणी वाचनात आणि आकडेमोडीत तर पुढे असतातच, पण संगणकावर प्रश्न सोडवण्यातही पुढे असतात. आईवडिलांचे शिक्षण, स्वतःचे शिक्षण धरूनही हा फरक दिसतो. साधारण ८० पुस्तकांच्या घरातला माणूस वाचनाच्या सरासरीला पोचतो, साडेतीनशेच्या पुढे फारसा फरक पडत नाही. म्हणजे कागदाचे पुस्तक आणि पडदा हे एकमेकांचे वैरी नाहीत. मात्र हा अभ्यास घरातल्या पुस्तकांचा आहे. आपल्या बहुतेक शाळांतल्या मुलांच्या घरी ८० तर सोडाच, आठ पुस्तकेही नसतात. त्यांच्यासाठी 'घरातले कपाट' ते शाळेतच असायचे.

आणि आता आपल्या शेजारचाच, थोडा कडू अनुभव. कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनच्या शालेय ग्रंथालयांची चाचणी अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडण्याच्या काटेकोर पद्धतीने घेतली. निष्कर्ष २०१२ मध्ये आला. १६ महिन्यांनंतर मुलांच्या भाषेच्या गुणांत काहीही फरक नव्हता. जिथे ग्रंथपाल अधूनमधून फेरी मारून पुस्तके देई तिथे तर गुण थोडे घटलेले दिसले. याउलट फिलिपिन्समधल्या शंभर शाळांत चौथीच्या वर्गांना गोष्टींची पुस्तके दिली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि ३१ दिवस रोज वर्गात वाचनाचा तास ठेवला. तिथे मुले अधिक वाचू लागली आणि वाचनाची कसोटीही सुधारली. पुढे हा लाभ कमी होत गेला, पण पुरता पुसला गेला नाही. दोन्हीकडे पुस्तके होती. फरक एवढाच की फिलिपिन्समध्ये ती वर्गाच्या वेळापत्रकात शिरली आणि वर्गशिक्षक स्वतः मध्ये होता. पुस्तकांच्या जागी यंत्र ठेवले तरी गोष्ट बदलत नाही: पेरूच्या खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटण्याच्या मोठ्या कार्यक्रमाची तीनशेहून अधिक शाळांत पाहणी झाली, आणि गणित किंवा भाषेत फरक आढळला नाही.

देशोदेशींच्या व्यवस्था पाहिल्या तरी हेच दिसते. जपानने १९५३ सालीच शालेय ग्रंथालयांचा कायदा केला, पण माणूस नेमण्याची सक्ती पुढे ढकलली. बारा किंवा अधिक वर्गांच्या शाळेत ग्रंथपाल-शिक्षक असलाच पाहिजे हा नियम २००३ मध्ये लागू झाला. पन्नास वर्षे कपाटे माणसाची वाट पाहत होती. फिनलंडचे उलट. तिथे शाळेची ग्रंथालये तशी अशक्त, तरी खोट्या बातम्या ओळखण्यात फिनिश मुलांचे नाव घेतले जाते. कारण नगरपालिकांची ग्रंथालये बळकट आहेत, शाळा तिथे मुलांना नेते आणि माध्यमे पारखणे सगळ्याच विषयांतून शिकवले जाते. आपल्याकडे १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत शाळांना पुस्तके मिळाली, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे असे लिहिले गेले, २०१८ पासून समग्र शिक्षेत शाळेच्या पातळीनुसार दरवर्षी पाच ते वीस हजारांचे अनुदान आले. ग्रंथपालाचे पद मात्र प्राथमिक शाळेला नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि पुस्तक फाटले तर भरपाई कोणाची या भीतीने कपाट बंद, हे दृश्य आम्ही इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्यात कोणा एकाला दोष द्यावासा वाटत नाही. नोंदवहीतल्या पुस्तकांची संख्या तपासली जाते. ती किती झिजली हे कोणी तपासत नाही.

तर मग बिनग्रंथपालाच्या शाळेत वर्गशिक्षकाने काय करावे? आमच्या मनात औंधचाच एक पाठ आहे, सहावी-सातवीला सहज जमेल असा. 'सूर्यनमस्कार औंधच्या राजाने शोधून काढले' हे वाक्य फळ्यावर लिहावे. असे संदेश मोबाइलवर फिरतच असतात. खरे की खोटे हे लगेच विचारू नये. आधी विचारावे, हे कोण सांगते आहे आणि त्याला कसे ठाऊक? मग एका गटाने शाळेच्या कपाटातला विश्वकोशाचा खंड काढावा. दुसऱ्याने शिक्षकांच्या फोनवर शोध घ्यावा, पण पहिले पान पूर्ण न वाचता आधी तीन वेगवेगळी पाने उघडून ती कोणाची आहेत ते लिहावे. तिसऱ्याने गावातल्या तालमीच्या वस्तादांना किंवा आजोबांना विचारून यावे. बाळासाहेबांचे पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले, त्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. पण मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून आपण हा व्यायाम सुरू केला असे ते स्वतःच नमूद करतात, आणि महाराष्ट्रातल्या आखाड्यांत नमस्कार त्याच्याही कितीतरी आधीपासून घातले जात होते. हे सगळे एका तासात मुलांच्या हाती लागेलच असे नाही. काही धागे लोंबकळत राहतील, दोन गटांची उत्तरे जुळणार नाहीत.

ती तशीच वहीत लिहून घ्यावीत. डावीकडे 'काय कळले', उजवीकडे 'कोणाकडून कळले'. पुढच्या आठवड्यात वाक्य बदलावे, आणि किल्ली त्या दिवशी खणात न ठेवता टेबलावर ठेवावी.